पहिल्यांदाच लंडनला जाताय आणि हातात चारच दिवस आहेत? मग प्लॅन असा करा

ऑफिसच्या कामाला जोडून सुट्टी मिळते, नाहीतर मुलीचा पदवीदान समारंभ असतो, किंवा युरोप टूरच्या आधी चार दिवस लंडन करून घेऊ असं ठरतं. मग लिस्ट काढायला बसलं की बघता बघता पंचवीस-तीस ठिकाणं होतात. ती सगळी करायला गेलं की अर्धा दिवस जमिनीखाली ट्रेनमध्ये आणि उरलेला अर्धा रांगेत जातो, आणि परत आल्यावर काय बघितलं ते फोटो काढून बघावं लागतं.

माझं मत सरळ आहे. पहिल्या छोट्या ट्रिपमध्ये ठिकाणं मोजू नका, एरिया धरा. एका दिवसाला एकच पट्टा, त्या पट्ट्यात शक्य तेवढं पायी, आणि दिवसाला एकच मोठं तिकिटाचं ठिकाण, बस. लंडनमध्ये एवढ्या चांगल्या गोष्टी फुकट आहेत की एवढ्यानेच दिवस गच्च भरतो. खालचं सगळं याच हिशोबाने लिहिलंय.

आधी व्हिसा, मग बाकी सगळं

युरोपातल्या बऱ्याच देशांना एकत्र चालणारा शेंगेन व्हिसा यूकेला चालत नाही आणि यूकेचा व्हिसा पॅरिसला चालत नाही, हे अजूनही खूप जणांना तिकीट काढल्यावर कळतं. दोन्ही करायचं असेल तर दोन वेगळे अर्ज, दोन वेगळ्या फिया, आणि पासपोर्ट एका वेळी एकाच ठिकाणी अडकणार, म्हणून तीन-चार महिने आधीपासून हालचाल हवी. फक्त लंडन असेल तर स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. प्रवासाच्या तीन महिने आधीपर्यंत अर्ज करता येतो, यूके सरकारच्या वेबसाइटवर फॉर्म भरायचा, पैसे भरायचे, आणि मग व्हीएफएस या व्हिसा अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या सेंटरवर जाऊन बोटांचे ठसे नि फोटो द्यायचे. साधारण तीन आठवडे धरा, उन्हाळ्याच्या सुट्टीत थोडे जास्तच धरा.

कागदपत्रांत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैसे कुठून आले आणि तुम्ही परत का येणार, या दोन गोष्टी कागदावर दिसल्या पाहिजेत. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा किंवा आयटी रिटर्न, ऑफिसचं रजेचं पत्र, आणि चार ओळींत साधा प्लॅन. अर्जाच्या आठवडाभर आधी कुणीतरी खात्यात मोठी रक्कम टाकली असेल तर ती कशाची हे लिहून द्या, नाहीतर तेवढ्यावरून शंका येते. परत न मिळणारं विमानाचं तिकीट व्हिसा हातात येईपर्यंत काढू नका, व्हिसासाठी ते लागतही नाही.

कधी जायचं

जमलं तर मे ते सप्टेंबर. कारण थंडीपेक्षा उजेड. जूनमध्ये रात्री सव्वानऊपर्यंत सूर्य असतो, म्हणजे सहाला म्युझियम बंद झाल्यावरही तीन तास आरामात फिरता येतं. डिसेंबरात चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो. लाइटिंग सुंदर असतं हे खरं, पण चार दिवसांच्या ट्रिपमध्ये दिवस इतका लहान म्हणजे नुकसानच. आणि एक लक्षात ठेवा, २५ डिसेंबरला लंडनमध्ये ट्यूबही (तिथली भुयारी मेट्रो) नाही, बसही नाही, सगळं ठप्प. नाताळ बघायचा म्हणून नेमकं त्या दिवशी उतरू नका.

पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, भुरभुरतो, दिवसातून दोनदा येऊन जातो. वारा असल्यामुळे छत्री उलटते, त्यापेक्षा टोपीवालं पातळ जॅकेट बरं. जूनमध्येसुद्धा एक स्वेटर ठेवाच. बूट मात्र घरी महिनाभर वापरलेले हवेत, नवे करकरीत बूट घालून तिथे दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर चाललात तर दुसऱ्या दिवशी पाय टेकवणार नाहीत.

राहायचं कुठे

लंडनची वाहतूक झोनमध्ये वाटलेली आहे, मध्यभाग झोन १, मग बाहेर बाहेर वाढत जातात. चार दिवसांसाठी झोन १ किंवा २ मध्येच राहा. वेम्बली, हाउन्सलो, हॅरोकडे हॉटेल स्वस्त मिळतं आणि आपली माणसंही तिकडे खूप, पण तिथून रोज जाऊन येऊन दीड-दोन तास मोडतात. चार दिवसांत जवळजवळ एक आख्खा दिवस प्रवासात गेला की वाचवलेल्या पैशाला अर्थ राहत नाही. नातेवाईक असतील तर गोष्ट वेगळी, तिथे जेवायला एक संध्याकाळ जरूर जा, पण शक्य असेल तर मुक्काम मध्यात ठेवा.

माझी शिफारस पॅडिंग्टन. एरिया काही फार देखणा नाही, पण हीथ्रोहून एलिझाबेथ लाइन थेट येते, चार ट्यूब लाइन मिळतात, आणि शेवटच्या दिवशी याचा किती उपयोग होतो ते पुढे येईलच. किंग्ज क्रॉस, अर्ल्स कोर्ट, साउथवर्क हेही चांगले. खोल्या लहान असतात, दोन मोठ्या बॅगा उघडल्या की चालायला जागा उरत नाही, ही सगळीकडचीच गत. जुन्या घरांची हॉटेलं केलेली असतात तिथे बऱ्याचदा लिफ्ट नसते, आईवडील बरोबर असतील तर बुकिंग करताना लिफ्ट आहे का हे आवर्जून बघा.

बॅगेत काय, काय नाही

प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो, आपला चार्जर जात नाही, अडॅप्टर इथूनच घ्या. खायचं न्या, चिवडा, भाकरवडी, चटण्या सगळं कोरडं चालतं, पण पेढे, बर्फी, खवा, पनीर असले दुधाचे पदार्थ आणि कसलंही मांस भारतातून न्यायला मनाई आहे. ताजा कढीपत्ता, फळं, भाज्या यांच्याही भानगडीत पडू नका. तिथल्या भाचीसाठी प्रेमाने नेलेले पेढे एअरपोर्टवर टाकून द्यायला लागले की वाईट वाटतं.

पैसे आणि प्रवास

लंडनमध्ये आता रोख पैसे जवळजवळ लागतच नाहीत. बसमध्ये तर २०१४ पासून रोख घेतच नाहीत. कॉन्टॅक्टलेस चालणारं फॉरेक्स कार्ड किंवा परदेशी व्यवहार सुरू केलेलं साधं डेबिट-क्रेडिट कार्ड असलं की झालं, आणि ऑनलाइन इंटरनॅशनल वापर सुरू आहे का ते बँकेच्या अॅपमध्ये इथेच तपासा. दुकानात मशीनवर "रुपयांत की पौंडात" असं विचारलं तर डोळे झाकून पौंड निवडा, रुपयांत निवडलं की त्यांचा रेट लागतो आणि तो महागच असतो.

ट्यूबचं गणित असं. गेटवर पिवळा गोल असतो, त्यावर कार्ड टेकवायचं, आत जायचं, उतरल्यावर बाहेर पडताना परत टेकवायचं. बाहेर पडताना टेकवायला विसरलात तर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. बसमध्ये फक्त चढताना. दिवसभरात ठरावीक रकमेच्या वर गेलं की पुढचा प्रवास फुकट होतो, त्याला डेली कॅप म्हणतात, ती आपोआप लागते, पास वगैरे काढायची गरज नाही. पण ती लागायला दिवसभर तेच कार्ड हवं. सकाळी प्लास्टिकचं कार्ड आणि दुपारी तेच कार्ड फोनमधून वापरलं तर सिस्टिम ती दोन वेगळी माणसं धरते. आणि प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एका कार्डावर नवरा-बायको दोघं जाऊ शकत नाहीत. ज्याच्याकडे नाही त्याने स्टेशनवर ऑयस्टर कार्ड, म्हणजे पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड घ्यायचं. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर ट्यूबमध्ये आणि बसमध्ये फुकट. अकरा ते पंधराच्या मुलांसाठी ऑयस्टर घेऊन स्टेशनवरच्या माणसाला यंग व्हिजिटर डिस्काउंट लावायला सांगा, निम्म्या भाड्यात काम होतं आणि हे सांगितल्याशिवाय कुणी लावून देत नाही.

बसला कमी लेखू नका. एका तासात कितीही बस बदला, एकाच बसचे पैसे लागतात. आणि १५ नंबरची लाल डबलडेकर ट्रॅफल्गर स्क्वेअरहून सेंट पॉल्स कॅथीड्रल करत टॉवर ऑफ लंडन या जुन्या किल्ल्यापाशी नेते, वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडा, टूरिस्ट बसचे भरमसाट पैसे वाचतील.

हीथ्रोहून येताना तीन पर्याय आहेत. पिकॅडिली लाइन सगळ्यात स्वस्त पण मध्यात यायला जवळजवळ तास. हीथ्रो एक्सप्रेस पंधरा मिनिटांत पॅडिंग्टन पण सगळ्यात महाग. २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन मधली, पॅडिंग्टनला अर्ध्या तासात, बॅगा ठेवायला जागा, एसी. तीच घ्या.

आणि फोन सांभाळा. रस्त्याच्या कडेला उभं राहून मॅप बघताना सायकलवरून येऊन फोन हिसकावतात, हे तिथे खूप वाढलंय. मॅप बघायचा तर भिंतीच्या बाजूला सरका किंवा दुकानात शिरा.

निघण्याआधी बुक करायचं ते एवढंच

टॉवर ऑफ लंडनचं तिकीट. स्काय गार्डन, म्हणजे ३५ मजल्यांवरची काचेची बाग, पूर्ण फुकट, साधारण तीन आठवडे आधी बुकिंग उघडतं आणि संध्याकाळचे स्लॉट पटापट जातात. मोठ्या म्युझियमचे फुकट टाइम स्लॉट. नाटक बघायचं असेल तर ते. लंडन आय मी धरलेलं नाही. १३५ मीटरचं चक्र, अर्ध्या तासाची एक फेरी, लहान मुलं हट्टच धरतील तर करा, पण वरून लंडन बघायचं असेल तर स्काय गार्डन फुकटात तेच देतं.

पहिला दिवस: नदीच्या काठाने

पहिल्या दिवशी झोप अर्धवट असते, उन्हाळ्यात आपण साडेचार तास पुढे, हिवाळ्यात साडेपाच, म्हणजे संध्याकाळी सातलाच डोळे मिटायला लागतात. म्हणून तिकिटाचं काही ठेवू नका, फक्त चाला. वेस्टमिन्स्टर स्टेशनमधून बाहेर आलात की बिग बेन थेट डोक्यावरच उभं असतं. पार्लमेंट स्क्वेअरमध्ये गांधीजींचा पुतळा आहे तो बघा, मग पूल ओलांडून पलीकडे जा आणि नदी डाव्या हाताला ठेवून चालत सुटा. टॉवर ब्रिजपर्यंत साधारण चार-साडेचार किलोमीटर, सगळा रस्ता सपाट, गाड्या नाहीत, बाकं भरपूर. वाटेत टेट मॉडर्न लागतं, जुन्या वीजकेंद्राचं म्युझियम केलंय, फुकट. त्याच्या समोरूनच मिलेनियम ब्रिज नदीपलीकडे सेंट पॉल्सच्या घुमटाकडे जातो, अर्ध्यापर्यंत जाऊन फोटो काढून परत या. पुढे बरो मार्केटमध्ये खायला थांबा, फक्त सोमवारी बंद असतं. तिथून पुढे जो सुंदर दोन मनोऱ्यांचा पूल दिसतो तो टॉवर ब्रिज, १८९४ चा. लंडन ब्रिज म्हणजे त्याच्या अलीकडचा साधासुधा पूल, कॅबवाल्याला सांगताना हे नाव चुकवू नका. मोठी बोट जायची असली की टॉवर ब्रिज मधून उघडतो, वेळा त्यांच्या वेबसाइटवर आधीच असतात, जमवता आलं तर जमवाच.

दुसरा दिवस: टॉवर आणि ग्रिनिच

टॉवर ऑफ लंडन उघडायच्या वेळेला गेटवर हवेत. आत शिरल्यावर सगळे नकाशा उघडून उभे राहतात, तुम्ही सरळ क्राऊन ज्युवेल्सकडे, म्हणजे राजघराण्याच्या मुकुट-दागिन्यांकडे जा. अकरानंतर तिथे रांग बाहेरपर्यंत येते. आत मुकुटांच्या दोन्ही बाजूंनी सरकता पट्टा आहे, त्यावर उभं राहायचं आणि तो तुम्हाला काचेच्या पुढून हळूहळू नेतो, थांबता येत नाही, पण परत मागे जाऊन पुन्हा पट्ट्यावर चढता येतं, सकाळी गर्दी नसताना दोन-तीनदा सहज जमतं. कोहिनूर राणी एलिझाबेथच्या आईच्या मुकुटात आहे, समोरच्याच मोठ्या क्रॉसमध्ये. फोटोला मनाई. आपल्या इतिहासाचा एवढा मोठा तुकडा त्या काचेमागे बघताना मनात बरंच काही येतं, घाई करू नका.

मग बाहेर येऊन लाल-निळ्या पोशाखातल्या बीफईटरची, म्हणजे टॉवरच्या रखवालदाराची टूर पकडा, तिकिटातच असते, तासभराची. इंग्लिश कळत असेल तर ही टूर म्हणजे निम्मे पैसे वसूल. व्हाइट टॉवर हा मधला बुरूज विल्यम द कॉन्कररने अकराव्या शतकात सुरू केलेला.

दुपारी टॉवर पियरहून बोटीने ग्रिनिचला. कार्ड इथेही टॅप होतं. ग्रिनिच पार्कची टेकडी चढून वर गेलं की रॉयल ऑब्झर्व्हेटरी, शून्य रेखांश तिथून जातो. रेषेवर पाय ठेवून फोटो काढायचा तर तिकीट आहे, पण टेकडीवरून खाली नदी आणि पलीकडच्या काचेच्या इमारती दिसतात ते फुकट आणि माझ्या मते जास्त सुंदर. परतताना १९०२ सालचा पादचारी बोगदा आहे, थेम्सच्या खालून चालत पलीकडे निघता येतं, मुलांना फार आवडतो. पलीकडून परत यायला डीएलआर (डॉकलँड्स लाइट रेल्वे) ट्रेन.

तिसरा दिवस: राजवाडा, एक म्युझियम, संध्याकाळी नाटकांचा वेस्ट एंड

बकिंगहम पॅलेसचं चेंजिंग ऑफ द गार्ड रोज नसतं. साधारण सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी अकराला, पावसात रद्दही होतं. पॅलेसच्या जाळीपाशी जागा हवी तर तास-दीड तास आधी. तेवढा वेळ घालवायचा नसेल तर हॉर्स गार्ड्सला जा, रोज अकराला, रविवारी दहाला, घोडेस्वार अगदी हाताच्या अंतरावर आणि गर्दी निम्मी. नंतर सेंट जेम्स पार्कमधून रमत गमत.

म्युझियम एकच निवडा, दोन-दोन करायला गेलात तर डोकं सुन्न होतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी ब्रिटिश म्युझियम सांगेन. रोझेटा स्टोन, असिरियन सिंहांच्या शिकारीची शिल्पं, आणि रूम ३३ मध्ये भारत, त्याला लागून अमरावतीच्या स्तूपाची संगमरवरासारखी पांढुरकी शिल्पं, जिथे बहुतेक लोक पोचतच नाहीत. लहान मुलं असतील तर मात्र साउथ केन्सिंग्टनचं नॅचरल हिस्टरी. आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये वाघनखं बघायला म्हणून जाणार असाल तर थांबा, ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आणलीत, आधी साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली होती.

तिसरा दिवस शुक्रवार येईल असं बघता आलं तर फारच छान, त्या दिवशी ब्रिटिश म्युझियम साडेआठपर्यंत आणि नॅशनल गॅलरी नऊपर्यंत उघडी असते. वेस्टमिन्स्टर अॅबी किंवा सेंट पॉल्स आतून बघायचं असेल तर रविवार सोडून, रविवारी फक्त प्रार्थना असते. संध्याकाळच्या इव्हनसाँग प्रार्थनेला मात्र कुणालाही फुकट बसता येतं, तो कॉयर, म्हणजे चर्चचा गायकवृंद, त्या उंच दगडी छताखाली ऐकणं हा तिकीट काढून फिरण्यापेक्षा वेगळाच अनुभव आहे.

संध्याकाळी ट्रॅफल्गर स्क्वेअर, लेस्टर स्क्वेअर, कोव्हेंट गार्डन, सगळं पायी. लेस्टर स्क्वेअर ते कोव्हेंट गार्डन ट्यूबने जाऊ नका, चालत पाच मिनिटं आहे. कोव्हेंट गार्डन स्टेशनला लिफ्टची रांग बघून जिन्याकडे वळाल तर १९३ पायऱ्या आहेत, गोल गोल. नाटकाची त्याच दिवसाची स्वस्त तिकिटं लेस्टर स्क्वेअरमधल्या टीकेटीएस खिडकीवर मिळतात.

जेवणाचं

दुपारी सुपरमार्केटचं मील डील, सँडविच, चिप्स, कोल्ड्रिंक, सगळ्यात स्वस्त. शाकाहारी असाल तर आपल्यासारखा हिरवा ठिपका नसतो, पाकिटावर "व्हेजिटेरियन" लिहिलेलं शोधा. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटली भरून घ्या. युस्टन स्टेशनच्या मागे ड्रमंड स्ट्रीटवर भेळ, डोसा, थाळी मिळते, ब्रिटिश म्युझियमपासून चालत वीस-पंचवीस मिनिटं. रेस्टॉरंटच्या बिलात साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असतो, तो असेल तर वेगळी टिप द्यायची नाही. आणि दुकानांत खरेदीवर टॅक्स परत मिळेल या आशेवर राहू नका, टूरिस्टांसाठी ती सोय २०२१ पासून बंद आहे.

चौथा दिवस: आपल्या माणसांच्या वाटेने

हा दिवस कुठल्याही टूर कंपनीच्या प्लॅनमध्ये नसतो आणि मला हाच सगळ्यात जवळचा वाटतो. सकाळी बॅगा हॉटेलवर ठेवा आणि नॉर्दर्न लाइनने चॉक फार्मला उतरा. तिथून थोडं चाललं की १०, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहिले. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये हे घर विकत घेतलं आणि आता ते स्मारक आहे. उघडं असण्याच्या वेळा जायच्या आधी बघून घ्या. शांत गल्ली, दोन्हीकडे विटांची तसलीच घरं, बाहेर भिंतीवर निळी गोल पाटी. लंडनला जाऊन हे न बघता यायचं नाही असं मला मनापासून वाटतं.

तिथून प्रिमरोज हिल दहा मिनिटांवर, वर चढून आख्खं लंडन बघा. खाली कॅम्डन मार्केट, तिथे खा, आणि मग रीजंट्स कॅनॉलच्या काठाने पश्चिमेला चालत निघा. प्राणिसंग्रहालयाच्या मधून, मोठ्या बंगल्यांच्या मागून, रंगीत लांबट बोटींच्या बाजूने साधारण चार किलोमीटरवर लिटल व्हेनिस येतं. क्रिकेटवेडे असाल तर मध्येच वर रस्त्यावर येऊन लॉर्ड्सची टूर करता येते, मॅचच्या दिवशी नसते, आधी बुक करा.

लिटल व्हेनिसपाशीच १०, हाउली प्लेस. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवर केलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी आले तेव्हा १९१८-१९ मध्ये लोकमान्य टिळक इथे राहिले, त्यांच्या नावाचीही पाटी आहे. आत खासगी घर आहे, बाहेरूनच बघायचं आणि आवाज न करता निघायचं. हायगेटला ६५, क्रॉमवेल अॅव्हेन्यूवर सावरकर राहायचे ते इंडिया हाउसही असंच बाहेरून बघता येतं, पण ते लांब पडतं, रात्रीची फ्लाइट असेल तरच सकाळी लवकर उरका.

हाउली प्लेसहून कॅनॉलच्याच कडेने पॅडिंग्टन स्टेशन दहा-पंधरा मिनिटं. हॉटेल तिथलंच असेल तर बॅगा घ्यायच्या आणि एलिझाबेथ लाइन पकडायची. फ्लाइटच्या चार तास आधी पॅडिंग्टनहून निघा, आणि टर्मिनल बघून ट्रेनमध्ये बसा, चार आणि पाचला जाणाऱ्या गाड्या वेगवेगळ्या असतात, डब्यावर लिहिलेलं असतं. उतरल्यावर गेटवर कार्ड टेकवायला विसरू नका.